पेटीबाई आणि दरबारची लस

माझ्या नातवंडांनो, मागच्या पत्रात तुम्ही विचारलंत, सरकारची मदत घेतली की संस्था सरकारचीच होऊन जाते का? तुमच्या संस्थेपुढे आज तो प्रश्न आहे. नेमकं उत्तर मला येत नाही, पण एक बाई आठवतात. डोळे नीट चालतात तोवर लिहून ठेवते.

पेटीबाई आपली पत्र्याची पेटी कुणालाही उचलू देत नसत. मुंबईच्या एका सेवामंडळाने त्यांना आमच्या जव्हार संस्थानात देवी टोचायला धाडलं होतं. उतरत आमच्याकडे. माझे वडील कचेरीत कारकून. त्यांनी एकदा पेटीला हात लावला, तर म्हणाल्या, "भाऊ, ज्याचं ओझं दुसरा वाहतो तो सरकार. मला पाड्यावर साधी बाईच राहू द्या."

त्या काळी शिपाई आला की त्याची ओझी गावाने वाहायची, अशी वेठ सगळीकडेच होती. शिपायाचा पट्टा दिसला की पाडे ओस पडत.

एका वर्षी वांगणीकडे देवीची साथ आली. पोरं दगावू लागली. लस दरबारकडे होती. संस्थानचे कारभारीसाहेब म्हणाले, "लस दरबारची, तर शिपाईही दरबारचा जाईल."

"शिपाई पाहून माणसं रानात पळतात, साहेब. मी टोचू कुणाला, सागांना?"

"शिपाई नाही, तर लस नाही."

बाई म्हणाल्या, "मग तुम्हीच चला. पायी. आणि वळकटी आपली आपण घ्यायची."

कचेरीत टाकांची कुरकुर थांबली, असं वडील सांगत. आणि साहेब खरोखर गेले! मागून वडीलही, आपलं गाठोडं घेऊन.

पाड्यावरची माणसं झाडीतून पाहत होती. वळकटीखाली वाकलेला, घामाने निथळणारा साहेब पाहून एक म्हातारी खदखदून हसली. "यो कसला सरकार! सरकार कवा वझा उचलतो काय?" मग नातीला कडेवर घेऊन तीच पहिली पुढे आली. साहेबांनी वळकटी टाकली आणि पोरीचा दंड स्वतः धरला. दिवस मावळेपर्यंत रांग हटली नाही.

परतल्यावर साहेबांनी हुकूम काढला: देवी टोचायला जाणाऱ्याने वेठ घेऊ नये. वडिलांनी नक्कल घरी आणली. बाईंनी ती दोनदा वाचली. "छान आहे. साहेबांना सांगा, आता पाळा." मी दहा वर्षांची होते. कारभाऱ्यांना असा निरोप धाडणारी बाई मी पहिल्यांदाच पाहत होते. जेवतानाही माझी नजर त्यांच्यावरून हलेना.

पुढे मंडळाने त्यांना दूर कुठे पाठवलं. पत्र कधी आलं नाही. त्या हुकुमाचं काय झालं, तेही मला ठाऊक नाही. वांगणीच्या त्या पाड्यात माझ्या वयाची काही माणसं अजून आहेत. त्यांच्या दंडावर टोचल्याची खूण आहे, चेहऱ्यावर देवीचे व्रण नाहीत.