वरातीच्या घोडीचा पाय

गोराईच्या किनाऱ्यावर सोडून दिलेली एक पांढरी घोडी काही वर्षांपूर्वी माझ्या मावशीच्या वाडीत मेली. आयोडिनचा वास आला की मला ती आठवते. बोरीवलीच्या वरातींत ती नाचायची; पुढचा पाय मोडून अधू झाल्यावर मालकाने तिला किनाऱ्यावर आणून सोडलं. मावशीने टेम्पो बोलावून तिला घरी आणलं, नारळांखाली पेंढा पसरला, जखमेतले किडे काढून आयोडिन लावलं आणि रोज हाताने गूळ-कोंडा भरवला. "हाड जुळतंय," गुरांचे डॉक्टर म्हणाले, "पण अशीच आडवी राहिली तर जगायची नाही. तिला उभी करा." आम्ही दोर लावून पाहिले, घोडी हलली नाही. तेव्हा मावशीचा दीर म्हणाला, "वहिनी, वरातीची आहे ना ती? बँड लाव, बघ कशी उठते!" मावशी म्हणाली, "तुझ्याच लग्नाचा व्हिडिओ लाव रे. त्यात नवरा दिसत नाही, नुसता बँड ऐकू येतो." मोबाइलवर ताशा सुरू झाला. घोडीने कान टवकारले आणि धडपडत उठून ती उभी राहिली. "उठली गं माझी बाय!" मावशी ओरडली. "आवाज वाढव!" दिराने आवाज वाढवला. ताशाची लय चढली तशी घोडीने, तिला शिकवलं होतं तसे, पुढचे दोन्ही पाय वर उचलले. खाली येताना सगळा भार अधू पायावर पडला आणि हाड पुन्हा मोडलं. डॉक्टर संध्याकाळच्या फेरीबोटीने आले. ते शेवटचं इंजेक्शन देत असताना मावशीने घोडीचे कान दोन्ही हातांनी झाकून धरले होते.