बाबांनी न घेतलेलं नाव

आत्याचा फोन आला तेव्हा मी पोलादपूरला सासरी तांदूळ निवडत होते. "लेया, तुझे बाबा गेले गो..." रडू यायच्या आधी मला राग आला. आता हा माणूस माझं नाव कधीच घेणार नाही, हे पक्कं झालं म्हणून. काही आठवडे उलटले, राग तसाच आहे. गेलेल्याबद्दल गोड लिहायचं असतं, ठाऊक आहे मला. महाडात त्यांच्याबद्दल गोड बोलणारे पुष्कळ आहेत, ते काम त्यांनी करावं.

आम्ही कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. बाबांचं महाडच्या बाजारात घड्याळदुरुस्तीचं दुकान, शनिवारी बंद. शुक्रवारी दिवे लागले की ते आम्हा मुलांच्या डोक्यावर हात ठेवून एकेकाच्या नावाने आशीर्वाद देत आणि मग हिब्रू वाचायला बसवत. शास्त्रात देवाचं नाव चार अक्षरांचं. ते डोळ्यांनी पाहायचं आणि तोंडाने त्या जागी 'अदोनाय', म्हणजे प्रभू, म्हणायचं. एकदा मी ती अक्षरं जुळवून मोठ्याने वाचायला गेले, तर बाबांनी माझं तोंडच दाबलं. तळहाताला घड्याळाच्या तेलाचा वास होता. मी रडले तेव्हा त्यांनी समजावलं, आणि समजवावं तर त्यांनीच. मोशे मेंढरं राखत होता, जळत्या झुडपातून देव बोलला, मोशेने त्याला नाव विचारलं. उत्तर आलं, 'मी जो असेन तो असेन'. "म्हणजे काय, तर तू जाशील तिथे मी तुझ्याबरोबर असेन," बाबा म्हणाले. "त्या नावात दुसरं काही नाही. सोबत आहे."

मी ते खरं मानलं. मग पोलादपूरच्या एका शेतकऱ्याच्या मुलाशी, हिंदू मुलाशी, लग्न केलं. बाबा आले नाहीत. त्या दिवसापासून मी 'ती' झाले. ती पोलादपूरची. एकदा महाडच्या एसटी स्टँडवर समोरासमोर आलो, माझ्या कडेवर लेक होती. बाबांनी स्टँडवरचं घड्याळ पाहिलं, मनगटावरचं पाहिलं आणि चालू लागले... आणि इकडे माझ्या सासूबाई. नवऱ्याचं नाव त्या अजून घेत नाहीत, उखाण्यातसुद्धा लाजतात. पण माझं नाव डोंगराच्या उतारावर सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं घेतात. "लेया गो, जेवाया ये! भाकरी थंड झाली हाय!"

त्या दिवशी महाडला बाबांना माती देऊन घरी आलो. आत्या बाबांची धाकटी बहीण, शेवटपर्यंत त्यांच्याजवळ राहिलेली. ती माझ्याजवळ सरकून बसली. "राग नको धरू गो. दर शुक्रवारी तुझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवायचा आणि आशीर्वाद म्हणायचा. ओठातल्या ओठात तुझं नाव घ्यायचा. देवाच्या नावासारखं जपलंन त्याने."

भोवतीच्या बायका डोळे पुसू लागल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"मला ऐकू येईल असं का नाही घेतलं?"

"तो तसाच होता."

तसाच होता. पण त्याचा देव तसा नव्हता. एका मेंढपाळाने विचारलं म्हणून त्याने आपलं नाव सांगून टाकलं. भक्तीने न घेतलेलं नाव आणि ताठ्याने न घेतलेलं नाव, दोन्ही वेळा तोंड सारखंच मिटलेलं दिसतं, आणि बाबांनी त्याचा पुरेपूर फायदा उठवला. जन्मभर लोकांना सोबतीचा अर्थ शिकवला आणि स्वतः पोलादपूरची गाडी कधी पकडली नाही. मी त्यांना माफ केलेलं नाही. करीन असं वाटतही नाही.

निघताना ती खुर्ची पाहिली. साधी लाकडी, पाठीची वरची पट्टी एका जागी हात लागून काळपट झालेली. मी बसले. डोकं नेमकं त्या जागेच्या खाली येत होतं. "बाबा, मी लेया. मी इथे आहे," मी मोठ्याने म्हणाले. स्वयंपाकघरातून आत्याने विचारलं, "कोणाशी बोलतेस गो?" मी खुर्ची उचलली आणि टेम्पोत टाकून घरी आणली.

आता ती आमच्या ओटीवर असते. सासूबाई तिच्यावर बसतात आणि तिथूनच मला हाका मारतात.