कंदुरीचा बोकड

सेलूच्या स्टेशनाजवळच्या त्या जुन्या हॉटेलात आम्ही एका मुक्कामासाठी गेलो आणि आठ दिवस अडकून पडलो. खाली चहा-फराळाचं हॉटेल आणि वर चार खोल्या. निजामाच्या राज्यात म्हणे तिथं मोठमोठे अंमलदार उतरायचे. आम्ही उतरलो तेव्हा त्या काळातले ढेकूण तेवढे शिल्लक होते.

आम्ही वालूरचे पाच जण, सगळे विशी-बाविशीतले. मी पेटी वाजवायचो. एक गाणारा होता, तोच आमचा पुढारी. दोघं टाळकरी, आणि एक पखवाजवाला. भजन स्पर्धेची शेवटची फेरी सेलूत होती. आम्ही पोचलो त्याच दिवशी विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद सुरू झाला, एसटी थांबली आणि स्पर्धा पुढं ढकलली गेली. तेव्हा असं वरचेवर व्हायचं. एका बाजूचा बंद संपला की दुसऱ्या बाजूचा लागायचा.

पखवाजवाला बौद्धवाड्यातला. आम्ही शेवटच्या फेरीत पोचलो ते त्याच्या हातामुळं, हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं आणि आम्ही ते कधी बोलून दाखवलं नाही. त्याची माणसं त्याला टोचायची, "तिकडं पोरं मार खायलीत, आन तू हरिनाम बडवायलास!" त्यावर तो म्हणायचा, "मी हरी न्हाई वाजवत. मी पखवाज वाजवतो."

पखवाजाच्या डाव्या पुडीला ओली कणीक थापावी लागते, त्याशिवाय आवाजाला घुमारा येत नाही. पहिल्या दिवशी तो कणीक मागायला भटारखान्याच्या दाराशी गेला तर आचाऱ्यानं गाव विचारलं, मग वाडा विचारला, आणि दार पुढं लोटलं. तेव्हापासून कणीक आणायचं काम माझ्याकडं आलं. मी पाटलाचा पोरगा. माझ्या वडिलांची आणि हॉटेलमालकांची बाजारातली जुनी ओळख. पण आचाऱ्यानं मलाही कणकेच्या गोळ्यासाठी अर्धा तास उभं केलं आणि वर बंदवाल्यांना शिव्या ऐकवल्या. मला त्याचा मनस्वी कंटाळा आला. दुसऱ्या दिवशी जिन्याखालच्या फळीवर झाकून ठेवलेली मळलेल्या कणकेची परात दिसली. त्यातला गोळा उचलला. जरा काळपट होता, पण त्या हॉटेलात पांढरी कणीक होती कुठं? पुढं रोज तिथूनच न्यायला लागलो.

तालीम दुपारी व्हायची. ती संपली की पखवाजवाला पुडीवरची कणीक खरवडायचा. अन्न फेकायचं नाही, ही त्याच्या आईची शिकवण. तो त्याच्या बारीक गोळ्या करायचा आणि खिडकीखालच्या कठड्यावर पाखरांसाठी ठेवायचा. त्यातल्या काही घरंगळून खाली परसात पडायच्या.

आधी एक कावळा मेला. कावळ्याचं कोण विचारतो! मग परसातल्या दोन कोंबड्या गेल्या. मालक म्हणाले, कोंबड्यांची मानमोडी आली. त्यानंतर मालकांचं मांजर गेलं तेव्हा मानमोडीवरचा सगळ्यांचा विश्वास उडाला. मधेच एक दिवस पखवाजवाल्याला सकाळपासून उलट्या झाल्या. आम्ही हॉटेलच्या भज्यांना दोष दिला, आणि तो रास्तच वाटला. गाणारा मात्र त्यातही हसत होता. "आता आपली पाळी हाय. पेटीवाल्या, तुजं अडनाव वरचं हाय, तू पैला जा."

चौथ्या दिवशी परसात बांधलेला बोकड मेला.

हा साधा बोकड नव्हता. मालकांच्या नातवाला बरं वाटावं म्हणून दर्ग्याला बोललेल्या कंदुरीचा होता. दोन वर्षं त्याला हिरवी मेथी चारली होती. येत्या आठवड्यात त्याला कापायचं, सगळ्या गल्लीला जेवण घालायचं, असं ठरलेलं. मरायचा तर तो होताच, पण नवसाआधी मेला आणि खाण्याजोगा राहिला नाही. मालक मयताला बसावं तसे त्याच्याजवळ बसले. मला हसू आवरेना, म्हणून मी वर निघून गेलो.

वर गेलो ते बरं झालं नाही. खाली तेवढ्यात कुणीतरी कठड्यावरच्या गोळ्या पाहिल्या. आचारी म्हणाला, "त्येनंच ठिवल्या. रोज ठिवतो. ह्यांचं इख घालायचं काम काय नवं हाय का?" गावात ढोर मेलं की आमच्याकडं पूर्वीपासून संशयाचं बोट कुठल्या वाड्याकडं वळतं, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. मालकांनी आवाज चढवला नाही. "बंद उठू द्या," ते म्हणाले. "पोलिसांच्या ताब्यात देतो." त्या दिवसांत त्या वाड्यातलं पोरगं चौकीत गेलं की कोणत्या अवस्थेत परत येईल हे सांगायची गरज नव्हती. गाणाऱ्यानं तेवढंच विचारलं, "मंग स्पर्धेला पखवाज कोण वाजवंल?"

तालीम बंद पडली. पखवाजवाला खाटेवर बसून राहिला. "मी कशाला मारू कोंबड्या?" एवढंच तो दोनदा म्हणाला. त्याला उलट्या झाल्या होत्या, हे कुणी ध्यानात घेतलं नाही. आचाऱ्याच्या मते ते भ्यानं झालं होतं.

त्याच संध्याकाळी मी चहाला खाली उतरलो तर आचारी जिन्याखाली बसून त्या परातीतल्या कणकेच्या गोळ्या कोपऱ्याकोपऱ्यात ठेवत होता. मला पाहून तक्रार करू लागला, "रोज औषध कालवून ठिवतो, रोज निम्मी परात खाली व्हती. आन उंदीर बगा, घोड्यावानी पळायलेत!"

सगळं कळलं. तिथंच, त्याच घटकेला बोलायचं होतं. मी चहा घेतला आणि वर आलो.

तीन दिवस मी गप्प राहिलो. का, ते आज धड सांगता येत नाही. वडिलांच्या कानावर जाईल याची भीती होती. मालक काय म्हणतील याची होती. शिवाय बंद लांबला की राग निवेल, बोकडाचं विसरतील, असं मी स्वतःला सांगत होतो. तो शेजारच्या खाटेवर छताकडं बघत पडलेला असायचा आणि मी भिंतीकडं तोंड करून झोपेचं सोंग घ्यायचो. मला माझी लाज वाटते. तेव्हाही वाटत होती.

आठव्या दिवशी सकाळी बंद उठला. मालकांनी चौकीवर निरोप पाठवायला माणूस उभा केला, तेव्हा कुठं माझं तोंड उघडलं. परात, जिना, कणीक, सगळं सांगितलं. मला वाटलं, आता मार पडेल.

मालक माझ्याकडं बघत राहिले आणि मग खो खो हसत सुटले. हसता हसता त्यांना ठसका लागला. "पाटलाचं पोर! सैपाकघरात कवा पाऊल ठिवलंय का ह्येनं? ह्येला काय कळतंय कुठली कणीक कशाची!" आचारीही हसला. गाणारा तर पोट धरून हसला. "वडलाला सांगा म्हनावं, एक बोकड धाडा," मालक म्हणाले, आणि माझ्यासाठी चहा सांगितला. पाच मिनिटांत सगळं मिटलं. पखवाजवाल्याला खाली बोलवा, असं त्यातलं कुणी म्हणालं नाही.

मी वर गेलो. हसणं त्याच्यापर्यंत पोचलं होतं. तो पखवाजाला खोळ घालत होता.

"कवा कळलं तुला?"

"बोकड मेला त्याच दिवशी."

त्यानं खोळीची नाडी आवळली. "मंग का थांबलास?"

"वाटलं, मिटेल आपोआप."

"मिटलं की," तो म्हणाला. "तुजं मिटलं."

स्पर्धा दुसऱ्या दिवशी होती. थांब, असं मी म्हणालो, पण ते माझं मलाही ऐकू आलं नसेल. एसटी अजून सुरू झाली नव्हती. तो पखवाज खांद्याला अडकवून वालूरच्या रस्त्यानं चालत निघाला, आणि मी त्याच्याबरोबर गेलो नाही.