न फोडलेल्या डब्याची फिर्याद

"साहेब, जुनं उकरू नका," असं मला तिघांनी सांगितलं. त्यातला एक तर माझ्याच खात्यातला. म्हणूनच लिहितो आहे. नावं देणार नाही, पण मेहरूणमधल्या त्या गल्लीला ती सांगायची गरज नाही.

जळगावातल्या एका कारखानदारांना वेगळाच छंद होता. दूरदर्शनवरच्या जुन्या मालिकांची चित्रं असलेली जिगसॉ कोडी ते जमवत. पुठ्ठ्याचे तुकडे एकमेकांत अडकवून चित्र पुरं करायचं, तशी कोडी. त्यांच्याकडे काचेचं कपाट भरून डबे होते. त्यातला एक, पौराणिक मालिकेतल्या दरबाराचा, नाहीसा झाला आणि त्यांनी आमच्या ठाण्यात फिर्याद दिली.

पाठोपाठ खबर आली. त्यांच्याकडे स्वयंपाकाला जाणाऱ्या बाईंच्या घरी तोच डबा आहे. खबर आणणारा फिर्यादींचाच पुतण्या होता. आपल्याच घरच्या चोरीची खबर जो आपणहून घेऊन येतो, त्याचा जबाब आधी घ्यावा. हे मी नव्या पोरांना शिकवत असे. स्वतः मात्र सरळ जीप काढली.

भरदिवसा मेहरूणच्या त्या गल्लीत गेलो. पलंगाखालच्या पेटीत डबा मिळाला. पंचांसमक्ष पंचनामा केला, 'वर्णन जुळते' असं लिहिलं आणि बाईंना जीपमध्ये बसवलं. तोवर सगळी गल्ली ओट्यांवर आली होती.

बाई मूळच्या धुळ्याकडच्या. रागावल्या की अहिराणीत बोलत.

"डबा कुठून आणला?" मी विचारलं.

"मना नवरानी धुळ्याहून आणेल शे. पोरी लहान व्हत्यात तवय."

"पावती आहे?"

"तुमनी मायनी तुमले खेळणं लिधं, त्यानी पावती शे का तुमनाकडे?"

शेजारची महिला शिपाई तोंडावर हात धरून हसली. मी टेबलावर हात आपटला. "सरळ उत्तर द्या!"

"सरळच शे. दर आखाजीले पोरी माहेरले येतस, तवय बठ्ठ्या मिळीसन हाई जोडतस. मालकीणबाईले मीच सांगेल व्हतं, असा डबा मना घर बी शे. चोर सांगत फिरस का?"

चोर सांगत फिरत नाही, हे मलाही कळत होतं. पण कारखानदारांचे फोन वर साहेबांपर्यंत जात होते.

मुद्देमाल सीलबंद करण्याआधी तुकडे मोजायला महिला शिपाई बसली. थोड्याच वेळात तिनं हाक मारली. तुकड्यांच्या कडा झिजून मऊ झाल्या होत्या, पुठ्ठ्याचे पदर सुटले होते. एका कोपऱ्यावर बारीक दातांच्या खुणा होत्या. "साहेब, हे लेकराच्या दुधाच्या दातांचं काम आहे. माझ्या घरचे पत्ते असेच आहेत."

मी फिर्यादींना बोलावलं आणि साधा प्रश्न विचारला, "तुम्ही हे कोडं कितीदा जोडलंय?"

ते चिडलेच. "जोडलंय? आमच्या छंदात डब्याचं वेष्टन फाटलं की माल मेला! माझा एकही डबा उघडलेला नाही."

मी झाकण काढून तो कोपरा त्यांच्यासमोर ठेवला. "हा माझा डबा नव्हे," ते म्हणाले. मग मी पुतण्याला आत बोलावलं. फार वेळ लागला नाही. त्याने काकांचा डबा धुळ्यातल्या दुसऱ्या संग्राहकाला देऊन बदल्यात स्वतःसाठी दुसरा घेतला होता. बाईंच्या घरचा डबा त्याच्या कानावर होता, म्हणून बोट तिकडे दाखवलं. धुळ्याला माणूस पाठवला, तर डबा वेष्टनासकट मिळाला.

"घरातली गोष्ट आहे, मिटवून टाका," फिर्यादी म्हणाले. वरूनही तेच आलं. 'वस्तू घरच्या व्यक्तीकडून मिळाली, तक्रार नाही' असं कागदावर आलं आणि खाली माझी सही.

बाईंनी आपला डबा घेतला, पण त्या हलेनात. "जीपमां गल्लीसमोर बसाडं ना? आते तठेच येईसन सांगा, हाई बाई चोर नही."

"खात्याची तशी पद्धत नाही," मी म्हणालो.

पुढे कारखानदारांच्या कॉलनीत बाईंना कुणी स्वयंपाकाला ठेवलं नाही. धाकट्या मुलीचं जमलेलं लग्न मोडलं. हे मला कळत होतं आणि मी नोकरी करत होतो.

या प्रकरणानं मला शिकवलं ते असं: पोलीस धरून नेतात ते सगळी गल्ली बघते, सोडून देतात ते कुणीच बघत नाही. कायद्यानं सुटलेला माणूस ओट्यावर सुटत नाही. ज्यांना हे वाचून राग येईल त्यांनी खुशाल फोन करावा.

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी बाईंच्या घरी गेलो. पोरी आल्या होत्या, खाटेवर दरबार अर्धा जोडून झाला होता. मी आत गेलो नाही. ओट्यावर उभं राहून म्हणालो, "या बाईंनी चोरी केली नव्हती. मी चुकीच्या माणसाला धरून नेलं."

बाई दारात हात बांधून उभ्या होत्या. "साहेब, मोठ्यानी बोला. कोपरावरली अक्काले कमी ऐकू येस."

मी पुन्हा बोललो. या वेळी कोपऱ्यावरचं दारही उघडलं.