मुंडकं मागणारा पूल

मामाचा हात आधी चालायचा आणि तोंड मागून. पुलाच्या कामावर कुणी कमरेचा पट्टा न अडकवता वर चढलेला दिसला, की तो खाली उतरेपर्यंत मामा शांत उभा राहायचा. उतरला की कानाखाली जाळ काढायचा आणि मग विचारायचा, "पट्टा कुटं हाय?" एका नव्या साहेबालाही त्याने एकदा असंच विचारलं होतं. नोकरी जाता जाता वाचली, कारण गर्डर चढवायला त्याच्यासारखा फोरमन सहजी मिळत नसे. "साहेब आसू दे न्हाईतर हेल्पर, कान सगळ्यास्नी दोनच," असं तो वर सांगायचा.

हा माझ्या आईचा धाकटा भाऊ. लग्न केलं नाही, घर बांधलं नाही, आयुष्यभर देशातल्या पुलांवर फिरत राहिला, म्हणून आम्ही त्याला पूलमामा म्हणायचो. माझ्या लग्नातही त्याने हात चालवला, आणि तोही नवरदेवावर. वडगावच्या कार्यालयात स्टेजवर फुलांची भलीमोठी कमान टांगली होती, झुंबरासकट, आणि सगळा भार एका सुतळीवर. फोटोसाठी नवरा नेमका तिच्याखाली उभा राहिला. मामा पंगतीतून उठला, उष्ट्या हाताने त्याची कॉलर धरली आणि असा ओढला की बाशिंग एकीकडे आणि नवरा एकीकडे. "लटकत्या वजनाखाली हुबं ऱ्हायचं न्हाई!" मग काय, दोन्हीकडचे पाहुणे एकमेकांना भिडले, खुर्च्या उडाल्या, माझा धाकटा दीर सुनील मामाच्या छातीवर बसला. कमान मात्र शेवटपर्यंत पडली नाही. "पडली न्हाई म्हंजी पडनार नव्हती आसं न्हाई," म्हणत मामा परत पंगतीला बसला. मला त्याचा भयंकर राग आला होता. पण आजही कुठे गेले की आधी वर काय टांगलंय ते मी बघते.

लोणावळ्याजवळच्या दरीवर नवा पूल उभा राहायला लागला आणि मामा अखेर आमच्याकडे कामाला आला. आमचं गाव दरीच्या तळाशी. मामा वर कामगारांच्या छावणीत राहायचा आणि सुट्टीच्या दिवशी माझ्या सासरच्या ओट्यावर येऊन बसायचा. ओटा भरून जायचा. ब्रह्मपुत्रेवरचा पूल त्याचा सगळ्यात लाडका. त्याची मांडणी दाखवायला तो माझे दोन डबे एकावर एक ठेवायचा. "वरनं मोटारी, खालनं आगगाडी, अन् त्याच्याबी खालनं ब्रह्मपुत्रा. तिगंबी एकदम चाललेत, अन् कुनी कुनाला आडवं येत न्हाई." त्याच्या लेखी जगात त्याहून लांब पूल नव्हता. सुनीलने मोबाइल पुढे धरला. चीनमध्ये रेल्वेचा पूल आहे, दीडशे किलोमीटरच्या वर लांब. मामाने विचारलं, "खाली पानी किती?" सुनील म्हणाला, "बराचसा भातखाचरांवरून जातो." "मग त्यो पूल न्हाई. उंच बांध हाय त्यो!" सुनील हसला. पुढच्या क्षणी मोबाइल अंगणात आणि सुनील ओट्याखाली होता. जगातल्या सर्वांत लांब पुलापायी माझ्या सासरच्या घरात महिनाभर अबोला होता, हे कुणाला सांगून खरं वाटत नाही.

पण लोक यायचे ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. "पुलाला मुंडकं लागतं," मामा आवाज खाली आणून सांगायचा. "जेवडा पूल लांब, तेवडी मुंडकी. न्हाई दिली तर खांब ऱ्हात न्हाई." बायका पदर तोंडाला लावायच्या, पोरं आईला चिकटायची, आणि मामाला त्यात भारी मजा यायची. मी एकदा त्याला झापलं, "मामा, कशाला घाबरवतोस रे लोकांना?" तेव्हा त्याने मला खरं ते सांगितलं. ताणलेला पोलादी दोर तुटला की चाबकासारखा फिरतो. असा एक दोर त्याच्या शेजारच्या माणसाच्या कमरेतून गेला होता. मामाची त्यात नुसती दोन बोटं गेली. "मला सवलत मिळाली," म्हणाला. माणसं मरतात हे त्याने पाहिलं होतं. ती हकिगत सांगवत नव्हती, म्हणून तो मुंडक्याची सांगायचा, असं मला वाटतं.

त्याच्या टोळीत सोमरा नावाचा झारखंडचा माणूस होता. बारीक, अबोल, बरीच वर्षं मामाबरोबर पुलापुलांवर फिरलेला. मामाच्या सर्वांत जास्त थपडा त्यानेच खाल्ल्या आणि मामाच्या ताटात जेवायचा मान फक्त त्याचाच होता. त्या टोळीची रीत अशी की मोठ्या खांबाचा पाया भरायच्या आधी बोकड कापायचा. मटण टोळीचं, डोकं फोरमनचं. त्या दिवशी मामाने ते डोकं पोत्यात घालून सोमराच्या हाती माझ्याकडे शिजवायला पाठवलं. सोमरा गावात पहिल्यांदाच येत होता. मामाने त्याला बजावलं होतं, "भाचीच्याच हातात दे. दुसऱ्या कुनाला पोतं दिलंस तर हाड मोडीन."

त्याच आठवड्यात मुलं पळवणाऱ्यांचा कसलासा व्हिडिओ गावभर फिरत होता. स्टँडच्या शेडपाशी सोमरा माझं घर विचारायला थांबला. परका माणूस, पुलावरचे कपडे, आणि पोत्यातून रक्त ठिबकतंय. "काय हाय पोत्यात?" कुणीतरी ओरडलं. सोमराने पोतं छातीशी धरलं. हिसकावायला गेले तर सोडेना. मामाचा हुकूम होता ना! पहिला दगड कुणी मारला ते कुणालाच सांगता आलं नाही. "पुलासाठी पोरगं कापलं!" अशी हाळी मात्र मी चुलीपाशी ऐकली. मामाला फोन करत मी धावत सुटले.

पोचले तेव्हा सोमरा खाली पडला होता आणि वरून काठ्या, कुदळीचे दांडे, लाथा. रोज माझ्या हातचा चहा पिणारी माणसं होती ती. पुढे सुनील होता. मी ओरडत होते, कुणी मला बाजूला फेकलं. एवढ्यात मामा डंपरमधून उतरला, हातात लांबलचक पाना. त्याने पहिल्या घावात एकाचा हात मोडला, दुसऱ्यात सुनीलच्या तोंडावर पाना बसला आणि दात रक्तासकट बाहेर आले. वाट काढत तो सोमरापर्यंत गेला आणि त्याच्या अंगावर पालथा पडला. "बोकड हाय रं! बोकड हाय!" तो खालून ओरडत होता आणि त्याच्या पाठीवर काठ्या पडत होत्या.

मी पोतं उचललं, त्यात हात घातला, आणि शिंगाला धरून ते डोकं वर केलं. तेव्हा कुठे काठ्या थांबल्या. इतका वेळ पोतं उघडून बघायचं कुणाच्याच मनात आलं नव्हतं.

लोणावळ्याच्या दवाखान्यात पोचायच्या आधीच सोमरा गेला. मामाच्या तीन बरगड्या मोडल्या होत्या, तरी पाठीला पट्टे बांधून तो सोमराला त्याच्या गावी घेऊन गेला.

परत आला तो थेट वडगावच्या कोर्टात साक्ष द्यायला. ज्याला ज्याला पाहिलं होतं त्याचं नाव घेतलं, सुनीलचं सुद्धा. सासरच्यांनी त्याच्याशी आणि काही दिवस माझ्याशीही बोलणं टाकलं. मी कोर्टाच्या फाटकात त्याला गाठलं. "मामा, घरी चल."

"तुज्या घरात सुन्या हाय. माजा हात उटंल. अन् सोमरा गेला त्यो माज्यापायी."

"त्यात तुझी काय चूक? लोकांनीच..."

"पोतं सोडू नगं म्हनून कुनी सांगितलं त्याला? अन् मुंडक्याची गोस्ट?" त्याने माझ्या डोक्यावर आपला तीन बोटांचा हात ठेवला. "पुलानं कंदीच काय मागितलं न्हाई, पोरी. म्याच मागत व्हतो." मग तो स्टेशनकडे चालत गेला. पुढे बिहारकडे कुठल्याशा पुलावर असल्याचं ऐकलं, आणि एका पावसाळ्यात तिकडेच तापाने गेल्याचा निरोप आला. मी आईला धरून रडले. असा माणूस पुन्हा होणार नाही, आणि झाला तर सोसणार नाही, हे दोन्ही खरं आहे.

पूल पुरा झाला. परवा आम्ही सगळे पहिल्यांदाच त्यावरून गेलो. खटला अजून चालू आहे, सुनील जामिनावर आहे, आणि घर एकच असल्यामुळे गाडीही एकच. तो नवऱ्याशेजारी पुढे, मी मुलांना घेऊन मागे. मुलं खाली दरी बघून ओरडत होती. सुनील नव्या दातांनी हसत मागे वळला आणि म्हणाला, "घाबरू नका रे, हा पूल पडत नसतो. याला मुंडकं दिलेलं आहे."

नवऱ्याने गाडी कडेला घेतली तेव्हा सुनील गाल धरून बसला होता आणि माझा तळहात झिणझिणत होता. त्याला काय सांगायचं ते मला मग सुचलं.

"त्याचं नाव सोमरा होतं," मी म्हणाले.