धाकटीचा भोंगा

बोटीच्या बुडाला कालवं धरतात, ती खरवडून काढता येतात. किस्से मात्र कुणी खरवडत नाही, ते धरतच राहतात. रेवसच्या धक्क्यावर मी तिकीट मास्तर होतो आणि खाडीतून धरमतरला जाणाऱ्या आमच्या छोट्या आगबोटीला सगळे 'धाकटी' म्हणायचे. पहिल्या महायुद्धात सरकारनं तिला इराकात बसऱ्याला नेलं, तिथल्या नदीतून तुर्कांशी लढणाऱ्या पलटणी वाहायला. लढाई संपल्यावरही कितीतरी दिवस सोडलं नाही. ती परत आली तेव्हा मी नुकताच नोकरीला लागलो होतो.

*

धाकटीच्या छपराला गोळ्यांची भोकं होती. एका वकीलसाहेबांच्या टकलावर त्यातून रोज ऊन यायचं. ते एकदा भडकले, "सारंग, हे भोक बुजवत का नाही?"

दाऊदभाई सारंग सुकाणू न सोडता म्हणाले, "साहेब, तुर्काला लिवलंय. जबाब आला न्हाय अजून!"

*

ओहोटीला ती गाळात रुतायची. मग भरती येईपर्यंत सगळं पब्लिक दाऊदभाईंच्या नावानं ओरडायचं. ते हात जोडून म्हणायचे, "तिकडं बसऱ्याला रुतली की गोळ्या यायच्या. शिव्या बऱ्या, तुमी चालू द्या!"

लोक हसायचे, मीही हसायचो. भट्टीत कोळसा टाकणारा आमचा आगवाला काना गोळी लागून गेला तो तिकडच्या अशाच एका गाळात, हे मला नंतर कळलं. मग मला ते हसू येईना.

*

काना रेवसच्या कोळीवाड्यातला. लढाईआधी बोट खाडीच्या तोंडाशी आली की दाऊदभाई त्याच्यासाठी भोंगा द्यायचे, एक लांब आणि एक तोकडा. तो ऐकून त्याची बायको राधी चुलीवर भात टाकायची. काना धक्क्यावरून घरी पोचेपर्यंत भात तयार!

बसऱ्यात जुना भोंगा फुटला आणि सरकारनं दुसराच बसवला, रेड्यासारखा ओरडणारा. बोट परत आली त्या दिवशी राधी धक्क्यावर आली. दाऊदभाईंनी तिला सगळं सांगितलं, नदीकाठी स्वतः लाकडं रचली तेही सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग बोटीकडे बघून म्हणाली, "ही आमची बोट न्हाय. आमची असा आवाज करीत न्हाय. तो त्या बोटीवर आसंल."

तिनं कुंकू पुसलं नाही.

*

राधी सुकी मासळी घेऊन धरमतरच्या बाजाराला जायची, पण शिडाच्या होडीनं. वारा पडला की अर्धा दिवस उन्हात. मला बघवेना. म्हटलं, "राधीबाय, चल बोटीनं. तुला तिकीट नको."

ती लाजली! "परक्या बोटीत बसू? त्यानं बघितलं तर काय म्हणंल, मास्तर?"

*

शेवटी दाऊदभाईंनी मुंबईचे सगळे भंगारवाले पालथे घातले आणि अगदी जुन्यासारखा भोंगा शोधून आणला. तो बसवून खाडीच्या तोंडाशी त्यांनी दिला, एक लांब आणि एक तोकडा. आम्ही धक्क्यावर कोळीवाड्याच्या वाटेकडे बघत उभे होतो.

राधी धावत आली. बोटीवर बघितलं, भोंग्याकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला. "दाऊदभाय, त्या बोटीचा भोंगा काढून आणला तुमी? आता तो मना कसं सांगंल, आलो म्हणून?"

दाऊदभाईंनी त्याच दिवशी तो उतरवला. एवढा मोठा माणूस, पाना हातात धरून रडत होता.

*

मग दुसरी लढाई लागली आणि पुन्हा ऑर्डर आली. धाकटी द्यायची! दाऊदभाई म्हातारे झाले होते, तरी मुंबईपर्यंत मीच नेणार म्हणाले. सगळं रेवस धक्क्यावर लोटलं. बाया पदर डोळ्याला लावून उभ्या, वकीलसाहेबसुद्धा टोपी काढून उभे.

राधी नवं लुगडं नेसून, केसात अबोली माळून आली होती. इतक्या वर्षांत तिला तशी कुणी पाहिली नव्हती. तिनं बोटीपुढं नारळ वाढवला आणि दाऊदभाईंच्या हातावर खोबरं ठेवलं. धाकटी वळणाआड गेली तरी ती हसतच होती.

मला राहवलं नाही. म्हटलं, "राधीबाय, सगळे रडतायत आणि तू..."

"मास्तर, इतकी वरसं हिनं आमच्या बोटीची जागा अडवली व्हती," ती म्हणाली. "आता धक्का मोकला झाला. जाते, भात टाकते."