समोरची चूल

शेजारच्या दुकानदाराने माझ्या केळीच्या वेफर्सची नक्कल केली होती, अगदी पिवळ्या पिशवीसकट. माझी विक्री निम्म्यावर आली. त्याला नोटीस द्यायला मी जळगावहून धुळ्याच्या वकिलाकडे निघालो. वाटेत पारोळ्याला बस थांबली, म्हणून भरीत-भाकरी खायला उतरलो.

भरीत करणारी अक्का पन्नाशीची असेल. प्रत्येक वांग्याला ती तेलाचा हात फिरवी आणि लेकराला थोपटावं तसं थोपटून चुलीत ठेवी. समोर एकाने तसंच छप्पर, तसाच फलक लावला होता. पण लाकडाच्या जाळावर त्याची वांगी बाहेरून करपत आणि आत कच्ची राहत.

अक्काने कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा आपला भारा उचलून त्याच्या चुलीपुढे टाकला. "नक्कल करस ते पुरी कर! लाकडंवर नही, पऱ्हाटीवर भाज!"

मी म्हणालो, "अक्का, धंदा चोरणाऱ्यालाच शिकवता?"

"भाऊ, त्यानं भरीत कच्चं निंघनं ते लोके आठे पारोळाले उतरतीनच नहीत. मंग मनं भरीत कोन खाई?"

मी तिथूनच परतीची बस धरली. शेजाऱ्याचे वेफर्स नरम पडत. त्याला रावेरला नेऊन कोणती केळी घ्यायची ते दाखवलं. पिशवीचा रंग मात्र बदलायला लावला. आता लोक लांबून आमच्या गल्लीत वेफर्सला येतात, आणि माझी विक्री पूर्वीपेक्षा जास्त आहे.

अक्काचं नाव विचारायचं राहिलं. धुळ्याला जाताना मी अजून पारोळ्याला उतरतो आणि दोन्ही चुलींवरचं भरीत खातो.